सैल पकड

खिडकीला आम्ही दुहेरी चादर लावली आहे,
मोराच्या नक्षीची, साखर पेठेतल्या मागावर
दोष निघाला म्हणून निम्म्या दरात मिळालेली.
तरी दुपारी दोनला मोराच्या डोळ्यातून
सोलापूरचं ऊन आत येतंच.
तिथे मी काळी चिकटपट्टी लावते
आणि सूक्ष्मदर्शकाशी बसते.

अंधारात पेशी. पेशीत मी पाठवलेलं प्रथिन:
जेलीफिशकडून उसनं आणलेलं हिरवेपण
आणि त्याला जोडलेली एक मूठ.
कॅल्शियम सापडलं की मूठ मिटते,
मिटली की उजळते. एवढंच तिला येतं.
शेपटाला पत्ता बांधला होता: आंतर्द्रव्यजालिका,
पेशी आपला साठा ठेवते ती आतली खोली.

पोचलं ते.
आणि तीन महिने नुसतं उजळत राहिलं.
हिस्टामिन घातलं, तरी तसंच.
साठा उपसला जात असणार, तरी तसंच.
सर म्हणाले, सिग्नल छान आहे.
छान होता. सांगत काही नव्हता.

लचमय्यामामा चाळीस वर्षं रंगाच्या हौदावर,
कोपरापर्यंत निळा. त्याला सांगितलं.
"अधाशी लडीला हौद विचारू नये, पोरी.
ती पहिल्या बुडीतच काळीभोर होते,
रंग भरपूर असो की सरत आलेला.
जरा नाखूष सूत घे."

मी मुठीतलं एक अमिनो आम्ल बदललं.
फक्त एक.

आईचा रक्ताचा रिपोर्ट आला: कॅल्शियम नॉर्मल.
विड्या वळताना बोटं मात्र आखडतात,
हजाराचा आकडा गाठायच्या आतच.
"तुझं ते हिरवं माझ्यात घालून बघ की."
तसं घालता येत नाही, म्हटलं.
"मग?" म्हणाली,
आणि तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळत बसली.

काल संध्याकाळी सात चाळीसला
थेंब टाकला, आणि जालिका मंदावली.
इतकी हळू, की वाटलं माझाच डोळा थकला.
तंतुकणिकांत लावलेला दुसरा, लाल,
त्याच सुमारास उठला.
एका खोलीतून दुसरीत काहीतरी गेलं होतं,
कडी न वाजवता.

जिन्यात उभी राहून मामाला फोन केला.
मागे मागांचा खडखडाट, मला दोनदा ओरडावं लागलं:
विझलं! विझलं, मामा!
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि तेलुगूत विचारलं, जेवलीस का.