गोड पाणी

उप्पलवाडीच्या मागे, टिनाच्या भिंतीआड
गाडी मरायला येते तेव्हा
तिच्या पोटात बरंच काही जिवंत असतं.
चार लिटर काळं ऑइल, ब्रेकचं पिवळट तेल,
बॅटरीत तेजाब,
एसीतला गॅस, जो दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.
आणि रेडिएटरमध्ये ते हिरवं,
जत्रेतल्या सरबतासारखं हिरवं.

याकूब मिस्त्री म्हणायचे,
"हिवराज, पहिले रिकामी कर, मंग काप.
घाई करशीन त एक दिवस टाकीच तुले कापन."
रिकामी कुठे करायची
हे मात्र सांगायचे नाहीत.
मागे उतार होता. तेच उत्तर होतं.

वीस वर्षं आम्ही त्या उताराला पाजलं.
मी पाजलं, या हातांनी, डालड्याच्या डब्याने.
मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर,
माती तव्यासारखी,
आणि तेल असं झरझर जिरायचं
की वाटायचं, जमिनीला तहान लागलीय,
आपण पाणपोईच चालवतोय.

भुऱ्या ते हिरवं चाटून गेला.
आधी झिंगल्यासारखा चालला, पोट्टे हसले.
तिसऱ्या दिवशी बोलेरोच्या सांगाड्याखाली सापडला,
पाय ताठ, जीभ बाहेर.
मिस्त्रींनी फरशीवरचं थारोळं बोटाला घेतलं,
जिभेला लावलं, थुंकले.
"गोड हाय बे," म्हणाले.
एवढंच. नंतर दिवसभर चहासुद्धा घेतला नाही.

भिंतीपलीकडे दुर्पताबाई उकेंची विहीर.
वस्तीत तिला गोड पाण्याची विहीर म्हणत.
लग्नाच्या पंगतीला तिचंच पाणी जायचं,
डाळ लवकर शिजते म्हणून.
एका सकाळी बाई भरली बादली घेऊन
थेट यार्डात आली.
ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही.
बादली वजनकाट्यावर ठेवली
आणि पदराने हात पुसले.
पाण्यावर मोरपिसाचे रंग हलत होते.
"घे तोलून," म्हणाली,
"तुमचाच माल हाय."

सवयीने माझी नजर काट्यावर गेली.
अकरा किलो चारशे.

आता खाली सिमेंटची फरशी आहे, कडेने नाली,
गाडीखाली पत्र्याचा ट्रे.
बॅटऱ्या संत्र्याच्या क्रेटमध्ये, उभ्याच,
आडवी ठेवली की पोट्ट्याचा चहा बंद.
तेलाचं पिंप वेगळं, हिरव्याचं वेगळं,
दोघांवर झाकण, झाकणावर तारीख.
बुटीबोरीचा ट्रक येतो, पावती देतो.
कधी महिनाभर येत नाही,
तेव्हा रात्री मी ताडपत्री उचलून पिंपं मोजतो.
वाढली तर काळजी,
कमी झाली तर जास्त.

मिस्त्री आता घरीच असतात.
हातांच्या भेगांतलं काळं निघत नाही.
मुलगी साबण लावते, ते म्हणतात, राहू दे,
एवढा तरी हिशेब माझ्याजवळ राहू दे.

परवा आम्ही उतार खणला.
वीतभर झाला तरी काळा, हातभर झाला तरी काळा,
फावड्याला गुळासारखा चिकटणारा.
बारा पिंपं भरली आणि पैसे संपले,
काळं नाही संपलं.

रजिस्टरात पहिला रकाना: वाहन क्रमांक.
मी लिहिलं, एमएच एकतीस,
आणि पेन थांबला.
कोणकोणती सांगू?
ती पांढरी मारुती, शाळेची मॅटॅडोर,
माझ्याच मामेभावाची इंडिका?
ट्रकवाला हॉर्न देत होता, "भाऊ, आटपा न."

मग मी पान उलटून अगदी आधी गेलो,
पहिल्या नोंदीच्याही वर, समासात,
जागा होती तेवढ्यात लिहिलं:
बादली एक. अकरा किलो चारशे.
माल आमचा.

बादली अजून काट्याजवळ आहे.
पाणी केव्हाच उडालं, आत एक चिकट कडं उरलंय.
दुर्पताबाई न्यायला आली नाही,
आणि पोचवायची म्हणजे
काहीतरी भरूनच न्यावी लागेल.