इतर विषय

उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या.
पंखे दोन, त्यातला एक बोलका.
क्वार्टर गेटच्या बेकरीचा भाजका वास खिडकीतून येत होता
आणि सगळ्यांना घरी जायची घाई.

मी मंडळीचा चिटणीस, तेवीस वर्षं.
मिनिट बुक माझं, निळी शाई माझी,
अक्षर शाळामास्तरचं.

विषय पहिला: कंपाउंडची भिंत. पुढे ढकलला.
विषय दुसरा: नाताळच्या मांडवाची वर्गणी.
विषय तिसरा: पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला.
पेटी माझा मुलगा वाजवतो. तो काही बोलला नाही.
बाकी आम्ही पाऊण तास बोललो,
उंदरांविषयी, अगदी मोकळेपणाने.

विषय चौथा: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय.
पाळकांनी घड्याळ पाहिलं
आणि सुवार्ताबाई ओहोळ उभ्या राहिल्या.
ससूनमध्ये तीस वर्षं नर्स. आवाज वॉर्डातला,
चढा नाही, पण शेवटच्या खाटेपर्यंत जाणारा.

"माझ्या शर्लीला पाहायला आले होते. आपल्यातलेच.
प्रार्थना झाली, पोह्यांचं कौतुक झालं.
मग विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?
म्हटलं, ताडीवाला रोड.
नाही, मूळचे?
म्हटलं, राहुरीकडचे.
राहुरीत कुठले?
मी खेड्याचं नाव सांगितलं.
तर म्हणाले, खेड्यात कुठल्या बाजूला?

माझ्या आजोबांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं
त्याला नव्वद वर्षं झाली.
पाणी वाळतं, कबूल.
पण इतकं?"

बोलका पंखासुद्धा गप्प झाल्यासारखा वाटला.
मग खजिनदार लोंढे म्हणाले,
आपल्यात जात नाहीच, तर चर्चा कशावर करायची?
कुणी म्हणालं, लेकरांसमोर नको.
कुणी म्हणालं, हे भिंतीबाहेर जायला नको.
भिंत तर अजून मंजूरही झाली नव्हती.

शेवटच्या रांगेतून उबाळ्यांची धाकटी उठली, अकरावीतली:
"माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक लिहिलंय,
चर्चच्या वहीत दुसरं.
दोन्हीकडे सही बाबांचीच आहे.
त्यातलं खोटं कुठलं?"
बापाने तिची ओढणी खाली ओढली.
ती बसली, पण प्रश्न उभाच राहिला.

पाळक म्हणाले, हे आपण प्रार्थनेत ठेवू या.
आमच्याकडे गोष्टी अशा प्रार्थनेत ठेवतात
जशा जुन्या गोधड्या ट्रंकेत,
डांबरगोळ्या घालून.

मी खाली मान घालून लिहीत होतो,
म्हणजे लिहिल्यासारखं करत होतो.
कारण ते पोहे मी खाल्ले होते.
तिसरा प्रश्न माझ्या बायकोचा.
चौथा माझा.

सुवार्ताबाईंनी नाव घेतलं नाही,
माझ्याकडे एकदा पाहिलंही नाही.
ज्या हाताने जन्मभर शिरा शोधल्या
त्याला नेमकं कुठे टोचायचं हे बघावं लागत नाही.

माझे वडीलही त्याच तालुक्यातले.
कुठल्या बाजूचे, ते कधी बोलले नाहीत.
मिशनच्या बोर्डिंगात वाढले,
आणि मूळ म्हणजे बोर्डिंग, एवढंच आम्हाला ठाऊक.
मीही विचारलं नाही.
घरातल्या माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत.

शेवटी सगळ्यांनी उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हटली.
ऋणं सोडण्याच्या ओळीपाशी
मुलाचा आवाज थांबला. माझा चालू राहिला,
सवयीने.

रात्री घोरपडीच्या घरी वही उघडली.
विषय चौथ्यापुढे लिहिलं: चर्चा झाली.
मागची पानं चाळली. दर वर्षी तेच,
चर्चा झाली, चर्चा झाली,
माझ्याच सुरेख अक्षरात.

ते खोडलं. मग एकेक प्रश्न उतरवला, चारही,
कुठल्या बाजूला, इथपर्यंत.
खाली लिहिलं: विचारणारे,
आणि दोन टिंबं दिली.

आतून बायको म्हणाली, अजून किती राहिलंय?
म्हटलं, एक नाव.
"मग लिहा ना," ती म्हणाली,
आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात,
"दोन लिहा."