अर्धं फूल

दिवाळे गावातल्या नर्सरीत
"याच्या पाकळ्या कुणी तोडल्या?" मी विचारलं.
पाचही एकाच बाजूला.
"तसंच असतंय त्ये," बायजाक्का म्हणाली.

हवाईत म्हणे एक देवी कोपली,
जोडी तोडली.
एक डोंगरावर झाड झाला, एक वाळूत.
तेव्हापासून फूल निम्मं.
डोंगरावरचं आता शोधूनही मिळत नाही, असं
भाऊ जहाजावरून सांगत होता,
तेवढ्यात रेंज गेली.

तिने अंगठ्याने माती दाबली,
खाणीने कुरतडलेल्या पारसिककडे पाहिलं.
"आमचा पन डोंगर अर्धाच रायलाय.
साठ रुपये.
खारं पानी चालतं याला."

स्कूटरवर, पायांत कुंडी.
फुलाची रिकामी बाजू
खाडीकडे करू की डोंगराकडे,
सिग्नल सुटला तरी ठरेना.