डावा डोळा

आमच्या धंद्यात रुमालाखाली बोटं बोलतात.
हाळीच्या बाजारात तोंडानं भाव कुणी सांगत नाही.
चार बोटं दाबली, मग तीन,
मग करंगळीचं नुसतं पेर.
तसल्या अंधारात मी नागोराव भुतमुगेला
एक वानेरा बैल दिला.
सहा दाती, वशिंड भरलेलं, अंगाला दावणीचा डाग नाही,
आणि डावा डोळा
वात नसलेल्या कंदिलाच्या काचेसारखा स्वच्छ.

नागोरावनं डोळ्यापुढून हात फिरवला.
तेवढ्यात मी कासऱ्याला हलकाच हिसका दिला.
मान वळली.
"नजर लई चलाख हाय," असं मीच म्हणालो.
बैल काही बोलला नाही.

टेम्पोत चढताना त्याचं डावं शिंग फळीवर आपटलं.
मी नोटा मोजत होतो, चुकलो,
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं:
माणसाला बरं-वाईट कळतं, जनावराला कळत नाही.
मी मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतलं,
पाचापैकी पाच पडले.
खोटं नव्हतं ते.
हिसक्याच्या आधी मला कळलं होतं,
हिसका देतानाही कळत होतं.
कळत होतं म्हणून तर
हिसका इतका वेळेवर बसला.

रात्री खाली दावणीला जनावरं रवंथ करत होती,
वर माळवदावर मी.
त्यांचा कडबा, माझं ते एवढंसं मनगट.
मन खातं म्हणतात ते कसं खातं,
दात न लावता, सावकाश.
पहाटेपर्यंत त्यांचं पचलं.

पोळा होऊन गेल्यावर नागोराव दिसला.
मी टपरीमागं वळणार, तर त्यानंच हाक मारली.
"चौथ्या दिशी कळलं बग.
तुला शिव्या घातल्या, मंडळीनं बी घातल्या.
मग जुंपला.
डाव्या अंगाला माझा जुना लालकंधारी.
मारका हाय, मला दोनदा पाडलंय त्यानं.
पर बांध आला, खड्डा आला
की ह्याला खांद्यानं आत रेटतो.
कुणी शिकिवलं न्हाई.
त्याला कळतं म्हून करतो
का उगंच करतो, मला काय की.
औत सरळ चालतंय."

पैसे परत देतो म्हणायला मी तोंड उघडलं
आणि चहा सांगितला.
दोन.
साखर जास्त.

तो बशीत ओतून प्याला, बशी पालथी घातली.
धाराशिवकडं पाऊस कमी झाला म्हणाला.
मी हो म्हणालो.

मग गर्दीतून निघालो,
म्हशी, हाकारे, शेंगदाण्याची गाडी.
माझं लक्ष समोरच्या एका खोंडावर,
नागोराव कधी डावीकडं आला समजलं नाही.
त्यानं खांद्यानं मला जरासं आत रेटलं
आणि बोलत राहिला, कडब्याच्या भावाचं.

मागं वळून बघितलं,
शेणाचं डबरं होतं, गुडघाभर.
मला दिसलं नव्हतं.