देवघेव

घोडके सरांच्या काळात पुस्तकाच्या शेवटच्या पानाला
खाकी खिसा असायचा, खिशात पिवळं कार्ड,
कार्डावर नावं. कुणी नेलं, कधी आणलं, सगळं उघड.
खडकी बाजारातल्या आमच्या वाचनालयात
त्या कार्डांवरून म्हणे दोन लग्नं जुळली
आणि एक मोडलं.
मोडलेलं मी पाहिलंय.

मग कार्डं गेली, बारकोड आले.
चिकटवता चिकटवता बोटांची कातडी निघाली,
अकरा हजार चारशे पुस्तकं, दोन उन्हाळे.

मार्चमध्ये बाणेरहून एक मुलगा आला,
गळ्यात ओळखपत्र, चहा नको म्हणाला.
त्याचं ॲप फुकट.
'वाचक काय वाचतो, कुठल्या पानावर थांबतो,
रात्री किती वाजता, सगळं कळेल मॅडम.'
फुकट म्हटल्यावर देवकुळे काका खुर्चीत पुढे सरकले.
मी विचारलं, कुणाला कळेल?
'सिस्टीमला.'
सिस्टीम राहते कुठे?
तो हसला, पत्ता काही सांगितला नाही.
आमच्याकडे साधं सभासद व्हायचं तरी
लाइटबिलाची झेरॉक्स लागते.

रेहाना तांबोळी इथल्याच अभ्यासिकेत बसून इंजिनीअर झाली.
तिनं एका रविवारी जुन्या कॉम्प्युटरवर
दुसरंच काहीतरी चढवलं.
'ताई, हे कुणाच्या मालकीचं नाही.
पोटात काय आहे ते कुणीही बघावं.'
तिनं पोट उघडून दाखवलं.
ओळीच्या ओळी, मला ओ की ठो कळेना,
पण मध्येच कुणीतरी, कुठल्यातरी देशातून,
लिहून ठेवलेलं होतं
(रेहानानं वाचून सांगितलं):
हे का चालतं माहीत नाही, हात लावू नका.
मला एकदम सरांच्या नोंदवहीतला समास आठवला:
'कपाट चार, वाळवी. रॉकेल आणणे.'

मराठी होतं त्यात, पण कसं!
पुस्तक द्यायच्या बटणावर 'बाहेर तपासा'.
मी म्हटलं, देवघेव म्हण की सरळ.
तिनं तो शब्द पाठवला. कुठे, कुणाला, देव जाणे.
पावणेदोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली
आणि बटणावर माझा शब्द.
आता चंद्रपुरात कुणी पुस्तक नेत असेल
तर तिथल्या बाईंच्या बोटाखाली तो असेल.
हे मी घरी सांगितलं. घरचे म्हणाले, पैसे किती मिळाले?

शेवटी एक चौकट उरली होती.
पुस्तक परत केल्यावर वाचकाचं नाव:
ठेवा. पुसा.
रेहानानं माऊस माझ्याकडे सरकवला.
काकांना वार्षिक अहवालाची काळजी.
'आकडे राहतात काका, माणसं जातात,' ती म्हणाली.
काकांनी टोपी काढून परत घातली.
मी पुसा दाबलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक गृहस्थ आले,
काखेत हेल्मेट.
'आमच्या मिसेसनी काय काय नेलंय इथून?
सहज आपलं.'
मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.
चौकट पांढरी.
'नोंदच नाही ठेवत?'
दंड असला तर ठेवतो. त्या वेळेवर देतात.
ते बराच वेळ कपाटांकडे बघत राहिले,
एकेका कपाटाला विचारावं तसे.
मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.

खरं सांगायचं तर ते पुस्तक
तिनं कधी घरी नेलंच नव्हतं.
चार दुपारी, पंख्याखालच्या खुर्चीत, इथेच वाचलं.
पान दुमडलं नाही. खुणेला पीएमपीचं तिकीट ठेवलं,
त्यावर तारीख, वेळ, कुठून कुठे.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी ते तिकीट काढलं, बारीक फाडलं.
पान चुकू नये म्हणून तिथे
सरांच्या काळातलं एक न वापरलेलं पिवळं कार्ड घातलं.

पान कितवं, ते मला पाठ आहे.
पुस्तक कुठलं, ते तुम्हीही विचारू नका.