वादी

घाटाचा आराखडा माझाच,
तरी बलद सीतला उतरताना पोटात गोळा येतो.
खाली तळहाताएवढी हिरवी चौकट:
खजूर, लसूणघास, गव्हाचे चार वाफे.
बाकी दगड. थरावर थर, मधेच चुरगळलेले,
कुणी रागानं मिटलेल्या वहीसारखे.

मी जुन्नरचा, दगड मला नवा नाही.
पण आमच्या दगडाला शेवाळ सुटतं, नेचे फुटतात,
चिरेतून खेकडा डोळे काढतो.
इथला दगड उघडा, काही लपवत नाही.
पट्टी धरणारा बिराजदार खिंडीत ओरडला,
"साहेब, शिंपला!"
समुद्र तिथून दोन हजार मीटर खाली.
त्यानं तो रुमालात बांधला, मुलीसाठी.

कोरड्या नदीला इथं वादी म्हणतात.
मला हसू यायचं. तारीख न मिळालेली फिर्याद,
गोटे पसरून पडलेली.
मग कळलं, पाण्याला वकीलही आहे:
खल्फान बिन हमदान, सत्तरीचा, अनवाणी.
डोंगराच्या पोटातून निघणारा पाट
तो अर्ध्या अर्ध्या तासानं वाटतो.
दिवसा पाटाकाठच्या काठीच्या सावलीवर,
रात्री ताऱ्यांवर. अमका तारा कड्यामागे बुडाला की
एक दगड, एक चिंधी इकडची तिकडे,
आणि पाणी नासिरच्या लिंबांकडून मौझाच्या गव्हात.

माझं उपग्रहाशी बोलणारं यंत्र
त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.
"याला कडा दिसतो का?"

आमची रेषा त्याच्या पाटावरून जात होती.
अकरा मीटर सरकवली. अहवालात लिहिलं: खडक ठिसूळ.
खडक चांगला होता.

मग एका दुपारी वरच्या अंगाला नुसतं काळवंडलं,
गावात थेंब नाही,
आणि वादी उभी राहिली.
पुरुषभर, तपकिरी, गोट्यांचे दात वाजवत.
वीस मिनिटं बोलली.
आमच्या खुंट्या, दोन बकऱ्या, खल्फानची काठी,
सगळं घेऊन गेली.

सकाळी गाव फावडी घेऊन पाटात उतरलेलं.
बिराजदारही. मी नुकसानीची यादी करत होतो.
काठावर नवी काठी रोवलेली दिसली:
लाल टोकाची, तिच्यावर माझ्याच अक्षरात
एकशे चौदा.
तिची सावली मौझाच्या दगडाला टेकायला
अजून चार बोटं बाकी होती.