लुतरीचा रंग

सावद्याच्या स्टेशन रस्त्यावर, केळीचे ट्रक भरतात तिथं
माझं पंक्चरचं दुकान.
ती आली तेव्हा अंगावर केस
फक्त शेपटीच्या टोकाला, चार.
बाकी नुसतं कातडं,
भेगाळलेलं, वास मारणारं.
रात्रभर मागचा पाय फरशीवर वाजायचा,
टक टक टक,
कोणी दार वाजवतंय वाटून मी दोनदा उठलो.

पोरं लुतरी म्हणायची. दगड मारून म्हणायची.

आमचे वडील सांगायचे,
जळालं ऑइल लाव, आठ दिवसात केस येतीन.
ट्रकचं काढलेलं काळं ऑइल माझ्याकडे डब्यानं.
लावलं.
मे महिना, सावलीतही सेहेचाळीस.
ती केळीच्या ओल्या सोपटात तोंड खुपसून
दोन दिवस पडून. पाणीसुद्धा नाही.
मी टायर काढत राहिलो, तिकडं न बघता.

मुबारक तडवी, ट्रक भरणारा हमाल,
काही न बोलता भांड्यांचा साबण घेऊन आला.
हौदाजवळ तीनदा धुतलं तिला,
मग रिकाम्या क्रेटमध्ये घालून दवाखान्यात.

फिरके मॅडमनी ब्लेडनं कातडं खरवडलं
रक्ताचा ठिपका येईपर्यंत,
काचेवर तेलाचा थेंब.
म्हणाल्या, बघा.
एक डोळा मिटून बघितलं :
गोल, पारदर्शक, आखूड पायांचं काहीतरी
पाय हलवत होतं,
स्वतःच्या ओट्यावर बसल्यागत निवांत.
याच्यासाठी ऑइल होतं माझं,
आणि भोगलं हिनं.
मॅडम म्हणाल्या, आता बाही वर करा.
मनगटाच्या वर बारीक पुटकुळ्या.
मी घामोळं समजत होतो.

तिला सुई, दर पंधरा दिवसांनी.
मला मलम. गोधडी उकळून उन्हात.
बायकोनं माझं ताट वेगळं केलं,
पोरं दुकानासमोरून सायकली लांबून काढू लागली.
तेवढे दिवस मी आणि ती
एकाच सावलीत, आपापली खाज खाजवत.

जूनच्या शेवटी पोटाखाली लव दिसली.
आमची पैज होती, एका चहाची.
मुबारक म्हणे काळी, मी म्हटलं भुरी.
दोघंही हरलो.
निघाली तांबूस,
आणि मागचा एक पाय पांढराशुभ्र,
तोच, रात्री वाजायचा तो.

पोरं अजून लुतरीच म्हणतात. ती धावत जाते.
माझ्या तोंडून ते नाव निघत नाही,
मी नुसती चुटकी वाजवतो.

ऑइलचा डबा आहे तिथंच आहे.
दुकानात येताना
ती त्याला वळसा घालून येते.